खोलीचं भाडं आणि कापलेला क्लेम

नागपूरला ऑपरेशन करून यवतमाळला परतलेले पेशंट टाके दाखवायला येतात, आणि जाता जाता फाईलमधून आणखी एक कागद काढतात. "डॉक्टर, पॉलिसी तीन लाखांची, बिल एक लाख वीस हजारांचं. मग साठ हजारच कसे आले?"

उत्तर बहुतेक वेळा खोलीच्या भाड्यात असतं. मेडिक्लेम आपल्याकडे १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी आणलं. पुढे बऱ्याच पॉलिसींत खोलीभाड्याला मर्यादा आली: रोज विमा रकमेच्या एक टक्का. म्हणजे तीन लाखांवर तीन हजार. तुम्ही सहा हजारांची खोली घेतली, तर कंपनी नुसतं भाडंच नाही, सगळं बिल अर्धं करायची. कंपन्यांचं म्हणणं असं की महागड्या खोलीत सर्जनची फीसुद्धा जास्त लागते. ते काही खोटं नाही. पण सलाईनची बाटली आणि हाडात बसवलेली प्लेट खोली बघून महाग होत नाही ना!

हा मुद्दा नियमात यायला ११ जून २०२० उजाडलं. विमा नियामक आयआरडीएआयने सांगितलं की औषधं, इम्प्लांट, उपकरणं, तपासण्या यांत अशी प्रमाणात कपात करायची नाही. आयसीयूच्या खर्चालाही ती लावायची नाही. वरच्या बिलात भाडं २४ हजार, औषधं-तपासण्या ४० हजार आणि सर्जन, भूल, नर्सिंग वगैरे ५६ हजार धरा. जुन्या पद्धतीने साठ हजार मिळतात. नव्या नियमाने १२, ४० आणि २८ मिळून ऐंशी हजार.

आपल्या गावाकडे उपयोगी पडेल असं कलम वेगळंच आहे. खोली कुठलीही घ्या, बाकीचे दर तेच, असं ज्या रुग्णालयात असतं तिथे फक्त जास्तीचं भाडं कापता येतं, बाकी बिलाला हात लावता येत नाही. तसं रुग्णालयाकडून लेखी घ्या. नव्या पॉलिसींना हे १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालं, जुन्यांना १ एप्रिल २०२१ नंतरच्या नूतनीकरणापासून.

कपात चुकीची वाटली तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. यवतमाळसाठी त्यांचं कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या उत्तरापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.