जाणाऱ्या टपालाचं उशिरा आलेलं कुलूप

मेल येतो, पण जात नाही. डेस्कटॉपवर थंडरबर्ड किंवा आउटलुक वापरणाऱ्यांची ही तक्रार जुनीच आहे. इनबॉक्स भरत राहतो. 'सेंड' दाबलं की मात्र पासवर्डची खिडकी उघडते, पासवर्ड घातला तरी पुन्हा उघडते, आणि शेवटी ५३५ हा आकडा दाखवून मेल आउटबॉक्समध्येच पडून राहतो. खातं एक, पासवर्ड एक. मग येणाऱ्या टपालाला चालतो तो जाणाऱ्याला का चालत नाही? कारण ही दोन्ही टपालं एका घराण्यातली नाहीत.

येणाऱ्या टपालाची पॉप ही पद्धत १९८४ ची आणि ती जन्मापासून पासवर्ड मागणारी. दुसऱ्याची पत्रं तिसऱ्याने उचलू नयेत, इतकं तर उघडच होतं. जाणाऱ्या टपालाची एसएमटीपी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात तिचे नियम मांडले. त्यात पासवर्ड नावालाही नाही. एक यंत्र म्हणतं, मी अमुक. हे पत्र याच्याकडून, त्याला. दर वाक्याला समोरून २५० हा होकार. मग मजकूर, आणि पत्र संपलं हे सांगायला एका ओळीवर एकटा पूर्णविराम. संपलं काम. रस्त्यावरची लाल पोस्टपेटी पत्र टाकणाऱ्याला कोण म्हणून विचारत नाही, तसंच.

याला भाबडेपणा म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. मे १९८२ मध्ये आर्पानेट या तेव्हाच्या जाळ्यावर २३५ संगणक होते. माणूस टर्मिनलवर बसून त्यातल्या एखाद्या मोठ्या संगणकात शिरायचा तेव्हाच त्याचा पासवर्ड तपासला जायचा. पुढे पत्र नेणं ही दोन यंत्रांमधली बाब होती. घरच्या टेबलावरून कुणी थेट पत्र सोडेल, हे चित्रच तेव्हा नव्हतं.

ते पुढच्या दशकात खरं झालं. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं तेव्हा डायल-अप जोडतानाच पासवर्ड द्यावा लागे. आपल्याच तारेवरून आलेला माणूस आपलाच, असं मानून मेल पुढे धाडायची रीत जगभर होती. पण कित्येक सर्व्हर कुणाचंही टपाल कुणालाही पोचवत, आणि जाहिरातींचा रतीब घालणाऱ्यांना याहून काय हवं होतं? सेंडमेल हा तेव्हाचा सर्वांत पसरलेला मेल सर्व्हर. त्यानेसुद्धा अनोळखी टपाल आपणहून नाकारायला सुरुवात केली ती १९९८ मधल्या ८.९ या आवृत्तीपासून. दारं लागली आणि दुसऱ्या सेवादाराच्या तारेवरून येणारी घरचीच माणसं बाहेर राहिली. त्यांच्यासाठी एक गावठी तोडगा निघाला: आधी आलेला मेल तपासा. तिथे पासवर्ड जुळला की तुमच्या आयपी पत्त्यावरून पुढची काही मिनिटं मेल पाठवायला मुभा. मुदत संपली की पुन्हा तपासा.

खरं कुलूप जॉन मायर्स यांनी सुचवलं. पहिला मसुदा १९९५ चा, नियम म्हणून प्रसिद्ध झाला मार्च १९९९ मध्ये. पोस्टेल त्याआधी पाचच महिने, ऑक्टोबर १९९८ मध्ये गेले होते. मसुदा आणि नियम यांच्यामधल्या चार वर्षांत काही कंपन्यांनी मसुद्यावरूनच प्रोग्रॅम बाजारात आणले. सर्व्हर पासवर्ड मागतो हे सांगणाऱ्या 'ऑथ' या शब्दापुढे मसुद्यात बरोबरचं चिन्ह होतं, अंतिम नियमात मोकळी जागा आली. आउटलुक एक्सप्रेस ४ त्या चिन्हाचीच वाट पाहत बसे. अशा प्रोग्रॅमसाठी पोस्टफिक्स या सर्व्हरमध्ये एक वेगळं सेटिंग ठेवावं लागलं. त्याच्या नावातच 'ब्रोकन' हा शब्द आहे, यातून लिहिणाऱ्याचा वैताग कळतो.

कुलूप आलं, तरी २५ क्रमांकाच्या पोर्टला ते सक्तीने लावता येईना. तिथे जगातले सगळे सर्व्हर एकमेकांना टपाल देतात. प्रत्येकाकडे पासवर्ड मागितला तर मेलच थांबेल. म्हणून डिसेंबर १९९८ मध्ये माणसांसाठी ५८७ हे वेगळं दार काढलं. ४६५ या पोर्टची कथा तर सरकारी फायलीसारखी: १९९७ मध्ये सुरक्षित मेलसाठी नेमणूक, थोड्याच काळात ती रद्द, आणि लोकांनी तरीही वापर न सोडल्यामुळे २०१८ मध्ये पुन्हा मान्यता.

जुन्या प्रोग्रॅमांना हे कुलूप मागाहून जोडावं लागलं, आणि ते दिसतही मागाहून जोडल्यासारखंच. आउटलुकमध्ये 'आउटगोइंग सर्व्हरला ऑथेंटिकेशन लागतं' ही चौकट 'मोअर सेटिंग्ज'च्या आत, दुसऱ्या टॅबवर, टिक न केलेली असे. एवढी एक टिक राहिली म्हणून कितीतरी लोकांचं टपाल अडलं.

अलीकडचा घोळ वेगळा. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांवर नुसत्या नाव-पासवर्डाने आत येणं बंद केलं. आता ओळख पटवायला ओऑथ२ ही पद्धत निवडायची, नाहीतर १६ अक्षरांचा अॅप पासवर्ड काढायचा. नेहमीचा पासवर्ड कितीही अचूक टाइप केला तरी तो तिथे चुकीचाच ठरतो.

म्हणून मेल अडला की पासवर्ड पुन्हा पुन्हा ठोकू नका. आधी पोर्ट पाहा: ५८७ असेल तर 'स्टार्टटीएलएस', ४६५ असेल तर 'एसएसएल/टीएलएस'. मग नावाच्या जागी पूर्ण ई-मेल पत्ता आहे का ते पाहा. आणि पासवर्ड नुकताच बदलला असेल तर हे लक्षात ठेवा, की थंडरबर्डमध्ये आउटगोइंग सर्व्हर खात्याच्या पोटात नसतो, डावीकडच्या यादीत सगळ्यात खाली वेगळा असतो. जतन केलेल्या पासवर्डांच्या यादीतही त्याची ओळ वेगळी असते. तीही पुसावी लागते.