शिडनौका क्लब, तलावांवरील

शिडनौका क्लब, तलावांवरील : तलावावर अथवा धरणाच्या जलाशयावर शिडाच्या लहान नौका चालविण्यासाठी व त्यांच्या शर्यती भरविण्यासाठी सभासदांनी आपल्या वर्गणीवर व श्रमांवर चालविलेली संस्था. व्यापारी तत्त्वावर चालणारे नौकाविहार केंद्र आणि असा क्लब यांत मूलभूत फरक आहे. केंद्रात येणारा मनुष्य भाडे देऊन नौकेत बसतो. क्लबाचा सभासद स्वतः नौका हाकतो, तिची डागडुजी करतो आणि पाळी आली, की इतरांची शर्यत चालविण्यासाठी काठावर उभाही राहतो. क्लबाच्या मालकीचे पाणी मात्र क्वचितच असते. ते नगराचे, शासनाचे वा शेतीचे असते आणि त्यावर मच्छीमारांसारख्या इतरांचेही हक्क असतात. त्यामुळे सभासदांतील शिस्त आणि पाण्याच्या अन्य हक्कदारांशी असलेला समेट या दोन गोष्टींवर अशा संस्थेचे आयुष्य अवलंबून राहते.

इतिहास : हौशी नौकानयनाची प्रथा सतराव्या शतकात हॉलंडमधून इंग्लंडमध्ये गेली. १६६० मध्ये ॲम्स्टरडॅम शहराने दुसरा चार्ल्स याला ‘मेरी’ ही नौका भेट दिली. आयर्लंडमधील कॉर्क बंदरात १७२० मध्ये स्थापन झालेला ‘वॉटर क्लब’ हा जगातील सर्वांत जुना शिडनौका क्लब मानला जातो. त्याची सभासदसंख्या नियमाने पंचवीसांवर मर्यादित होती. एकोणिसाव्या शतकातील क्लब बहुधा समुद्रकिनाऱ्यावर होते आणि मोठ्या नौका, पगारी खलाशी व श्रीमंत मालक असे त्यांचे स्वरूप होते. तलावावरील क्लबांचे महत्त्व पुढे वाढत गेले. जिनीव्हा सरोवरावर १८७२ मध्ये स्थापन झालेल्या क्लबाने २००३ मध्ये ‘अमेरिका चषक’ जिंकला. समुद्रकिनारा नसलेल्या देशाला मिळालेला तो या स्पर्धेतील पहिला विजय होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर या क्रीडाप्रकाराचे स्वरूप पालटले. जलाभेद्य प्लायवुड व संश्लिष्ट सरस यांमुळे घरच्या अंगणातही बांधता येईल अशी हलकी नौका शक्य झाली. मुलांसाठी सु. २·३ मी. लांबीची ‘ऑप्टिमिस्ट’ (१९४७) व दोन व्यक्तींसाठी ‘एंटरप्राइझ’ (१९५६) या नौका याच काळातील असून, एका व्यक्तीसाठी असलेली, काचतंतूंची ‘लेझर’ १९७० नंतर प्रचारात आली. अशा नौकांच्या तळातून खाली सोडलेली फळी वर ओढून घेता येते. त्यामुळे उथळ पाण्यात त्या चालतात आणि दोघातिघांना त्या उचलून काठावर ठेवता येतात. बंदर, धक्का व खलाशी यांची गरज संपल्यामुळे गावाजवळच्या तलावावरही क्लब चालविणे मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आले.

भारतातील परंपरा : मुंबईतील रॉयल बाँबे यॉट क्लब १८४६ मध्ये स्थापन झाला. पुण्यात मुळा-मुठेच्या बंधाऱ्याने अडविलेल्या पाण्यावर १८६८ पासून बोट क्लब चालू झाला; तो मुख्यतः वल्ह्यांच्या नौकांचा होता. कोडईकानल येथे १८६३ मध्ये तयार केलेल्या तलावावर १८९० मध्ये, तर शिडाच्या नौकांसाठी नैनिताल येथे १९१० मध्ये क्लब निघाला. ब्रिटिश अमदानीतील हे क्लब मुख्यत्वे यूरोपीय अधिकारी व व्यापारी यांचे होते. तलाव ज्या गावाचा, त्या गावातील रहिवाशाला काठावरून शर्यत पाहता येई. सभासद होणे त्याला सहसा शक्य नसे.

स्वातंत्र्यानंतर हा वारसा मुख्यतः संरक्षण दलांनी सांभाळला. खडकवासल्याच्या जलाशयाकाठी १९५४ च्या अखेरीस राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी सुरू झाली आणि तेथील पाण्यावर छात्रांना नौकानयनाचे शिक्षण मिळू लागले. भारतीय यॉटिंग संघटना १९६० मध्ये स्थापन झाली. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील शिडनौका शर्यती मुंबईत झाल्या आणि त्यांत फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी ‘फायरबॉल’ वर्गात सुवर्णपदक मिळविले.

तलावावरील क्लबाचे ठळक भारतीय उदाहरण हुसेनसागराचे आहे. १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या मराठवाड्याला हे उदाहरण परके नाही. इब्राहिम कुली कुत्बशाहाच्या कारकीर्दीत, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या या तलावावर लष्कराच्या विद्युत व यांत्रिक अभियंता दलाने १९७१ मध्ये शिडनौका संघटना काढली. पुढे १९८४ मध्ये तिला सिकंदराबाद सेलिंग क्लब हे नाव मिळाले. २००९ मध्ये याच तलावावर स्थापन झालेल्या यॉट क्लब ऑफ हैदराबाद या संस्थेने गरीब कुटुंबांतील मुलामुलींना शाळांमधून निवडून नौका हाकण्याचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला. त्यांतील काहींनी राष्ट्रीय स्पर्धांत पदके मिळविली. नगरातील मुलांना काठावर उभे करणारी जुनी प्रथा येथे जाणीवपूर्वक उलटविण्यात आली.

कारभार : भारतात असा क्लब बहुधा संस्था नोंदणी अधिनियम, १८६० यान्वये नोंदविला जातो, महाराष्ट्रात नोंदणीकृत संस्थेला १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमही लागू होतो. क्लबप्रमुखास ‘कमोडोर’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्याच्या जोडीला सचिव, कोषाध्यक्ष व शर्यतप्रमुख असतात. प्रवेशशुल्क, वार्षिक वर्गणी व नौका ठेवण्याचे भाडे ही उत्पन्नाची साधने. तर बचावनौकेचे इंधन, शिडांची डागडुजी, विमा व रखवालदाराचे वेतन हे खर्चाचे मुख्य विषय होत.

सभासदांच्या श्रमांची वाटणी पाळीपत्रकाने करण्यात येते. शर्यतीच्या दिवशी काही सभासद नौका हाकत नाहीत. ते प्रारंभाचे ध्वज दाखवितात, वेळ टिपतात व बचावनौकेवर राहतात. पाळी चुकविणाऱ्याला पुढील शर्यतीचे गुण न देण्याचा किंवा दंडाचा नियम अनेक क्लबांत असतो. पाळी टाळणाऱ्यांची संख्या वाढली, की काम मोजक्या उत्साही मंडळींवर पडते. ती थकल्यावर पदाधिकारी मिळेनासे होतात. लहान क्लब बंद पडण्याचे हे एक वारंवार आढळणारे कारण होय.

निरनिराळ्या जातींच्या नौका एकत्र धावत असल्यास प्रत्येक जातीला तिच्या वेगानुसार एक अंक देतात. लागलेल्या वेळेस हजाराने गुणून त्या अंकाने भागले असता सुधारित वेळ मिळते. उदा., १,१०० अंकाच्या संथ नौकेने ६६ मिनिटे व १,००० अंकाच्या वेगवान नौकेने ६२ मिनिटे घेतली, तर सुधारित वेळ अनुक्रमे ६० व ६२ मिनिटे होते आणि मागून आलेली संथ नौका विजयी ठरते. त्यामुळे जुनी, स्वस्त नौका असलेला सभासदही स्पर्धेत टिकून राहतो.

शर्यतीचे आंतरराष्ट्रीय नियम १९०७ मध्ये स्थापन झालेल्या आणि २०१५ पासून ‘वर्ल्ड सेलिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघटनेचे आहेत. समोरासमोर येणाऱ्या दोन नौकांपैकी जिच्यावर वारा उजव्या बाजूने येतो तिला अग्रहक्क असतो. नियम मोडल्यास हाकणाऱ्याने आपण होऊन नौकेची दोन वर्तुळे घ्यावयाची असतात. वाद राहिल्यास काठावर आल्यानंतर सभासदांची समिती दोन्ही बाजू ऐकून निर्णय देते. सर्वसाधारण शर्यतीत प्रत्येक नौकेमागे पंच नसल्याने सचोटी हाच या नियमांचा आधार आहे.

सुरक्षिततेसाठी प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालणे आणि बचावनौका पाण्यात असल्याखेरीज शर्यत सुरू न करणे, हे दंडक पाळले जातात. हलकी नौका वाऱ्याने उलटणे ही नित्याची बाब आहे. उलटलेली नौका तरंगत राहते. म्हणून पोहत काठ गाठण्याचा प्रयत्न न करता नौकेला धरून राहावे, हे नवशिक्यास सर्वप्रथम शिकवितात.

पाणी, वारा आणि मराठवाडा : नैसर्गिक सरोवर किंवा नगरातील तलाव आणि धरणाचा जलाशय यांवरील क्लबांची स्थिती सारखी नसते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतपाठोपाठ खडकवासल्याचे धरण फुटले आणि ऐंशी वर्षे उभा असलेला जलाशय एका दिवसात रिता झाला. असे अरिष्ट विरळा; परंतु जलाशयाची वार्षिक भरती-ओहोटी अटळ असते.

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील पूर्णा नदीवरील येलदरी जलाशय या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. १९६८ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण साठवणक्षमता सु. ९३४ दशलक्ष घ. मी. असून त्याच्या पायथ्याशी २२·५ मेगॅवॉट क्षमतेचे वीजगृह आहे. वीजगृहातून सुटलेले पाणी खालच्या बाजूस सिद्धेश्वर धरणात अडवून कालव्यांनी शेतीस देतात. विस्ताराच्या दृष्टीने शिडनौकांना असे पाणी उत्तम होय. मात्र त्याचे वेळापत्रक क्रीडेच्या सोयीचे नसते. दख्खनच्या पठारावर पश्चिमेचे जोरदार वारे जून-जुलैमध्ये वाहतात, तेव्हा जलाशय तळाशी गेलेला असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो भरतो, तोवर वारा पडलेला असतो. हुसेनसागराची पातळी नगरामुळे बरीचशी स्थिर राहत असल्याने तेथे ऐन पावसाळ्यात शर्यती भरविता येतात. मराठवाड्यातील सिंचन-जलाशयांना ती सोय नाही.

पाणी ओसरू लागले, की काठही बदलतो. नौका उतरविण्याचा उतार पाण्यापासून दूर राहतो आणि मध्ये उघडी पडलेली जमीन गाळपेरीस दिली जाते. जलाशयातील मासेमारीचा हक्क सामान्यतः ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांच्या जाळ्यांवरून फळी सोडलेली नौका गेल्यास जाळे फाटते व दिवसाची कमाई बुडते. वस्तुतः ही सहकारी संस्थाही सभासदांचीच असून वर्गणी, सभा व समान पाण्यावरील शिस्त या बाबतींत तिचे क्लबाशी साम्य आहे. फरक इतकाच, की एकीचे सभासद विरंगुळ्यासाठी पाण्यात उतरतात आणि दुसरीचे उदरनिर्वाहासाठी.

२०१६ च्या उन्हाळ्यात नाथसागराचा उपयुक्त साठा संपला आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. अशा प्रदेशात पाण्यावरील पहिला हक्क पिण्याचा, त्यानंतरचा शेतीचा व मासेमारीचा असणे स्वाभाविक आहे. येथील जलाशयावर क्लब चालवावयाचा, तर जाळ्यांचे क्षेत्र व दिवस मच्छीमारांशी बोलून ठरविणे, गाळपेरीच्या जमिनीतून वाट न पाडणे, पातळी उतरताच हंगाम आटोपणे आणि काठावरील गावांतील मुलांना सभासदत्व खुले ठेवणे, या गोष्टी त्याच्या घटनेतच असाव्या लागतात. धरणासाठी ज्यांच्या जमिनी बुडीत क्षेत्रात गेल्या, त्यांच्या पुढच्या पिढीला त्याच पाण्यावर केवळ प्रेक्षक म्हणून उभे राहावे लागले, तर एकोणिसाव्या शतकातील क्लबांचा दोष नव्या रूपाने कायम राहील.