पाच स्वर, दोन प्रहर

साल १९२८, श्रावणातली संध्याकाळ. कल्याणातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर तुम्ही मांडी घालून बसला आहात. गावात गायन समाज निघून दोनच वर्षं झाली आहेत. पुढे ज्यांच्या नावाने हाच समाज देवगंधर्व महोत्सव भरवील, ते भास्करबुवा बखले जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचं नाव घेताना तुमचे बुवा कानाला हात लावतात.

तंबोरा जुळतो. आज भूप. मध्यम आणि निषाद वर्ज्य, उरलेले पाचही स्वर शुद्ध. सा रे ग प ध सां, सां ध प ग रे सा. तुम्ही बिनचूक म्हणता.

“स्वर आले, बाळ. भूप कुठाय?”

तुम्ही गोंधळता. बुवा स्वतः गाऊन दाखवतात: षड्जावरून खाली मंद्र धैवताला जाऊन येतात, रे वरून गंधारावर पोचतात आणि तिथे ठाण मांडतात. पंचमावरून परततात ते गंधाराकडे, धैवतावरून उतरतात तेही गंधाराकडेच. वादी गंधार, संवादी धैवत हे तुम्ही पाठ केलं होतं. ते कानाला आत्ता कळतं.

पावसामुळे मुक्काम तिथेच पडतो. उजाडता उजाडता बुवा हाक मारतात. पुन्हा तेच पाच स्वर, पण राग देसकार. आता वादी धैवत, संवादी गंधार. गाणं वर सरकतं, तार षड्जाच्या आसपास फिरतं आणि धैवतावर विसावतं. तुम्ही सवयीने ऋषभावर रेंगाळता.

“रेंगाळू नकोस! भूप आत शिरला बघ.”

कोनाड्यात भातखंड्यांची क्रमिक पुस्तकं आहेत. उस्तादांच्या गळ्यात अडकलेल्या चिजा त्यांनी गावोगाव हिंडून मिळवल्या, स्वरलिपीत बसवल्या आणि मराठीत छापल्या. गुरूच्या घरी राहू न शकणाऱ्या मुलांवर त्यांचे केवढे उपकार! त्यांनी भूप कल्याण थाटात घातला आणि देसकार बिलावल थाटात. स्वर तेच असूनही थाट वेगळे, कारण प्रत्येकाची चाल आपापल्या गोतावळ्याकडे वळते. पण पुस्तक वादी कोण ते सांगतं. त्याच्यावर किती वेळ उभं राहायचं, ते बुवांच्या समोर बसूनच कळतं.

नियमांना जाच म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही. नियम नसते तर पाच स्वरांत एकच राग मावला असता. इथे तुम्ही एका रात्रीत दोन रागांतून फिरून आलात.

बुवा तंबोरा खाली ठेवत नाहीत. “आता शुद्ध कल्याण ऐक. चढताना भूपच. उतरताना निषाद आणि तीव्र मध्यम मींडेतून नुसते दाखवायचे, त्यांच्यावर थांबायचं नाही. म्हण, तार षड्जापासून.”