गोळीबंद पाक ते कटोरी वॅक्स : उपनगरातल्या एका घरगुती कसबाचा इतिहास

(व्याख्यानाचे शब्दांकन)

विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी आम्हाला विचारलं, "अहो, इतिहासाच्या व्याख्यानात चेहऱ्याचं वॅक्सिंग कुठून आलं?" प्रश्न बरोबर आहे. तर सुरुवात एका तारखेपासूनच करू. २८ जून २०२०. तीन महिन्यांच्या टाळेबंदीनंतर महाराष्ट्रात सलून आणि ब्यूटी पार्लर उघडायला परवानगी मिळाली, तो हा दिवस. मोजक्याच कामांना मुभा होती : केस कापणं, रंगवणं, वॅक्सिंग, थ्रेडिंग. म्हणजे वरच्या ओठावरची लव ही गोष्ट सरकारी आदेशाच्या यादीत जाऊन बसली होती.

पण त्याआधीच्या तीन महिन्यांत काय झालं? अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत किती स्वयंपाकघरांत गॅसवर साखर-लिंबाचा पाक चढला असेल! आमच्याही घरात चढला होता. आमच्यातल्या एकीने तो बोटाने चाखून "कोमट आहे" म्हटलं आणि ओठावर लावला. वरचा थर निवला होता, आतला तसाच तापलेला होता. चटका बसला, फोड आला आणि ओठावरचा काळा डाग जायला चार महिने लागले. तेव्हापासून आमच्या डोक्यात एक प्रश्न आहे. हे काम पार्लरवाली ताई रोज दहा-वीस जणींचं करायची, तिच्या हातून असं कधी झालं नाही. तिला नेमकं काय माहीत होतं? आणि ते तिला कुठून आलं?

जरा मागे जाऊ. केस काढणं ही आजची हौस नव्हे. सुश्रुतसंहितेत जखमेवरच्या साठ उपचारांची यादी आहे, त्यात 'लोमापहरण', म्हणजे केस काढणं, हा एक उपचार आहे. वस्तरा, कात्री, चिमटा ही साधनं दिलेली आहेत, आणि एक लेपही. दोन भाग शंखचूर्ण, एक भाग हरताळ, आंबट द्रवात वाटून. आता हरताळ म्हणजे काय? आर्सेनिकचं खनिज. म्हणजे सोमलाचाच भाऊ. तुर्कस्तानातल्या हमामखान्यांत 'रुस्मा' नावाचा लेप वापरत, त्यातही चुना आणि हरताळच. केस जात, पण लेप जरा जास्त वेळ राहिला की कातडीही जाई. त्याच पश्चिम आशियात दुसरी एक वाट होती, साखरेचा पाक लिंबू घालून आटवायचा आणि त्याने केस ओढून काढायचे. इजिप्तमध्ये त्याला 'हलावा' म्हणतात. आपल्या हलव्याचंच ते सख्खं नाव.

आपल्या घरांत काय होतं? डाळीचं पीठ, हळद, साय. बाळाच्या अंगावरची लव जावी म्हणून कणकेचा गोळा फिरवायचा. इथे बसलेल्या किती जणींच्या आजीने हे केलंय? बघा, हात वर झाले! खरं सांगायचं तर बाळाची ती लव आपोआपच झडते, गोळ्याला फुकटचं श्रेय मिळतं. पण त्यातून एक कळतं. लव काढणं हे घरातल्या बायकांचं, हाताचं काम होतं. वस्तरा मात्र न्हाव्याचा.

आणि वस्तरा म्हटला की एक कटू आठवण सांगितलीच पाहिजे. उच्चवर्णीय विधवांचं केशवपन. बाईच्या केसांचं काय करायचं हे तिच्याखेरीज सगळे ठरवत. १८९० साली याच मुंबईत न्हाव्यांनी सभा घेतली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं. सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यामागे पुढाकार होता. ज्यांचं पोट या धंद्यावर, त्यांनीच नकार दिला. आजच्या विषयाशी याचा संबंध काय, ते शेवटी बोलू.

विसाव्या शतकात जगभर एक नवा छळ सुरू झाला. चेहरा गुळगुळीत हवा, आणि तोही 'शास्त्रीय' पद्धतीने. अमेरिकेत १९२०च्या दशकात 'ट्रायको' नावाच्या यंत्रातून बायकांच्या हनुवटीवर क्ष-किरण सोडले जात. दुखत नाही म्हणून गर्दी व्हायची. काही वर्षांनी त्याच चेहऱ्यांवर व्रण आणि कर्करोग दिसू लागले. पाठोपाठ 'कोरेमलू' नावाचं क्रीम आलं, त्यात थॅलियम होतं. उंदीर मारायच्या विषात वापरत तेच. बायकांचे पाय लुळे पडले, कुणाची दृष्टी अधू झाली. १९३८ मध्ये अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांवर कायदा आला, त्यामागे अशी प्रकरणं होती. या सगळ्याच्या शेजारी साखर-लिंबाचा पाक ठेवून बघा. विष नाही, किरण नाहीत. धोका एकच, उष्णतेचा. तो हाताने आवरता येतो.

आता आपल्या उपनगरात येऊ. अंधेरी १९५० मध्ये बृहन्मुंबईत आली, बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्ये. वाड्या-गावठाणांच्या जागी हळूहळू सोसायट्या उभ्या राहिल्या. १९५२ मध्ये टाटांनी 'लॅक्मे' काढली, तेव्हा सौंदर्यप्रसाधनं देशी आणि मध्यमवर्गाच्या आवाक्यातली झाली. पण पार्लर तेव्हा शहरात, बड्यांचं. उपनगरातली बाई तिथे कशाला जाईल? ती नोकरीला लागली, फोर्टातल्या ऑफिसात, बँकेत, टेलिफोन खात्यात, आणि तिचा चेहरा रोज चार लोकांसमोर जाऊ लागला. ५ मे १९९२ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, ती या बायकांच्या संख्येपुढे रेल्वेने दिलेली कबुलीच म्हणायची.

याच काळात सोसायट्यांच्या तळमजल्यावर नवी पाटी दिसू लागली : 'फक्त महिलांसाठी'. फ्लॅटची पुढची खोली, खिडकीला जाड पडदा, भिशीच्या पैशातून घेतलेली खुर्ची, आरसा, आणि आत गॅसवर वॅक्सचं पातेलं. पार्लरवाली ताई आपल्यातलीच. कुणी छोटा कोर्स केलेला, कुणी मावसबहिणीकडे शिकलेली. वॅक्स ती घरीच करायची, आणि इथे तिला आईचं ज्ञान उपयोगी पडलं. एकतारी, दोनतारी, गोळीबंद! लाडवांसाठी पाक ओळखता येणाऱ्या बाईला वॅक्स वेगळं शिकवावं लागत नव्हतं. लिंबू का घालायचं, तर जिलबीच्या पाकात घालतो त्याच कारणासाठी. आंबटामुळे साखरेची फोड होते, पाक पुन्हा साखरून खडबडीत होत नाही. पट्ट्या कशाच्या? धुऊन मऊ झालेल्या जुन्या जीन्सच्या. पुढे चेहऱ्यासाठी 'कटोरी वॅक्स' आलं. ते घट्ट असतं, त्याला पट्टी लागत नाही, थर जरा आळला की तोच सोलून काढायचा.

आता त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. ताईला काय माहीत होतं? आम्ही अशा काही जणींशी बोललो. त्यांनी सांगितलेलं, आणि त्वचेचे डॉक्टर सांगतात ते, बरंचसं जुळतं.

पहिलं, उष्णता. गोळीबंद पाकाचं तापमान ११५ ते १२० अंश सेल्सिअस असतं. उकळतं पाणी १०० अंशांवर. म्हणजे हा पाक पाण्याहून तापट, वर चिकट, झटकून टाकता येत नाही. ताई पातेलं उतरवून तळापासून ढवळायची, मग आपल्याच मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावायची. आमच्याकडे चुकलं ते इथे. मायक्रोवेव्हमध्ये तर पाक सगळीकडे सारखा तापत नाही, तिथे ढवळणं दुप्पट महत्त्वाचं.

दुसरं, प्रश्न विचारणं. "चेहऱ्याला कुठलं क्रीम लावतेस गं?" ही चौकशी नुसती गप्पांची नव्हती. मुरमांसाठी ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापॅलीन किंवा रेटिनॉलचं क्रीम चालू असेल तर वरची त्वचा नाजूक होते आणि वॅक्सबरोबर सोलून निघते. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या बंद केल्यावरही साधारण सहा महिने चेहऱ्याला वॅक्स नको. उन्हाने भाजलेली त्वचा, फुटलेले मुरूम, नागीण, चामखीळ किंवा तीळ, पापण्या, इथे हात लावायचा नाही. बाजारच्या घट्ट वॅक्समध्ये राळ असू शकते, ती काहींना सोसत नाही. म्हणून आदल्या दिवशी कानाखाली ठिपकाभर लावून बघायचं.

तिसरं, हात. केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने पातळ थर, ओढायचं उलट दिशेने. ओठाची एकेक बाजू वेगळी. एका हाताने त्वचा ताणून धरायची, दुसऱ्याने एका झटक्यात, त्वचेला समांतर ओढायचं. आकाशाकडे ओढलं की कातडी उचलली जाते. राहिलेले दोन केस चिमट्याने काढायचे, त्याच जागी पुन्हा वॅक्स नको. मग गार पाण्याचा कपडा. त्या दिवशी ऊन, वाफ, ब्लीच, सुगंधी क्रीम काही नाही. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर जळजळ झाली की मागे काळा डाग राहतो, म्हणून ही पथ्यं. आणि चटका बसलाच, तर वीसेक मिनिटं वाहतं गार पाणी. टूथपेस्ट नाही, बर्फही नाही.

२०२०मध्ये पातेलं घरी परत आलं, कृती मोबाइलवर मिळाली, पण हे हातातलं ज्ञान पार्लरमध्येच राहिलं. ते कुठल्या डब्यावर छापलेलं नव्हतं. वीस-तीस वर्षं या बायकांनी ते सांभाळलं आणि आपण त्याला 'काय, वॅक्सिंग तर करते' म्हणून मोकळे झालो. उपनगराच्या इतिहासात गिरण्या येतात, स्टुडिओ येतात, लोकल येते. ती पुढची खोलीसुद्धा यायला हवी, एवढंच आमचं म्हणणं.

आणि आता १८९०. त्या न्हाव्यांच्या नकारामागे प्रश्न होता, बाईच्या केसांचा निर्णय कुणाचा? आज वस्तरा घेऊन कुणी येत नाही. पण आठवीतल्या मुलीला वर्गात 'मिशी' म्हणून चिडवतात आणि ती रात्री स्वयंपाकघरात एकटी पाक करायला घेते. तिला रागावू नका. तिच्याशेजारी उभ्या राहा. तिला काढायची असेल तर नीट शिकवा, नसेल काढायची तर तेही ठीक, ओठावर लव सगळ्यांनाच असते. मात्र केस अचानक दाट, राठ यायला लागले, पाळी अनियमित झाली, तर वॅक्सआधी डॉक्टर गाठा. शरीर काहीतरी सांगत असतं.

आमच्या घरातला तो डाग आता गेलाय. पातेलं अजून आहे. पुढच्या वेळी ढवळायला दोघी असतात.

आता तुमचे प्रश्न घेऊ.