वायर-रॅप जोडणी

धारदार कडांच्या चौकोनी धातुखुंटीभोवती तार ताणून गुंडाळून, डाख न देता विद्युत् जोड करण्याची पद्धती. ती अमेरिकेतील बेल टेलिफोन लॅबोरेटरीज या संस्थेत 1950 च्या सुमारास दूरध्वनी केंद्रांसाठी विकसित झाली (पहा : दूरध्वनिविद्या).

इलेक्ट्रॉनीय कामात खुंटी सामान्यतः 0.64 मिमी. जाडीची, तर तार सु. 0.25 मिमी. व्यासाची असते. तारेचे सोललेले टोक हत्याराच्या फिरत्या दांड्यातील खाचेत घालून खुंटीवर सु. सात वेढे देतात. प्रत्येक वेढ्यात खुंटीच्या चारही कडा तांब्यात रुततात. त्या दाबाने ऑक्साइडाचा थर फुटून धातूला धातू भिडतो व सांध्यात हवा शिरत नाही. जोडाचे बळ या कडांतच आहे. गोल खुंटीवर तो टिकत नाही. आरंभी निरोधक आवरणासह एखादा वेढा दिल्यास कंपनाचा ताण उघड्या तारेवर येत नाही. एका खुंटीवर दोन-तीन जोड बसतात आणि तार उलगडून मंडल बदलता येते. मात्र उलगडलेले टोक पुन्हा वापरीत नाहीत.

अपोलो अवकाशयानाच्या मार्गदर्शक संगणकात मोड्यूलांमधील जोड याच पद्धतीचे होते. पीडीपी-8 (1965) या लघुसंगणकाची पाठपट्टी यंत्राने गुंडाळलेली असे (पहा : संगणक). उच्च कंप्रतेला लांब तारा व खुंट्या बाधक ठरतात. पृष्ठभागावर बसणाऱ्या घटकांना तर खुंट्याच नसतात. त्यामुळे बहुस्तरीय मुद्रित मंडलांच्या प्रसारानंतर ही पद्धती मागे पडली (पहा : मुद्रित मंडल).