व्हिडिओ संकलन प्रणाली : घरगुती व व्यावसायिक

चित्रित दृश्ये कापून, जोडून व ध्वनीशी जुळवून सलग चित्रकृती सिद्ध करणाऱ्या संगणक प्रणाली. त्यांची घरगुती व व्यावसायिक अशी विभागणी बहुधा किमतीवरून केली जाते. पण संकलकाचे काम पुढच्या तंत्रज्ञाच्या हाती बिनचूक सोपविता येते की नाही, हा निकष अधिक महत्त्वाचा होय. ॲपल कंपनीने १९९९ मध्ये फायनल कट प्रो व आयमूव्ही या दोन्ही प्रणाली बाजारात आणल्या. पहिलीवर वॉल्टर मर्च यांनी कोल्ड माउंटन (२००३) हा चित्रपट संकलित केला, तर दुसरी कौटुंबिक चित्रणासाठी राहिली. जून २०११ मध्ये आलेल्या फायनल कट प्रो एक्समध्ये कामाचा वेग वाढला, तरी संकलनसूची, म्हणजे प्रत्येक तुकड्याचे मूळ चित्रणातील आरंभ व अंत हे तास, मिनिट, सेकंद आणि चौकट या क्रमाने नोंदविणारी यादी, बाहेर काढण्याची अंगभूत सोय तीत नव्हती आणि आधीच्या आवृत्तीतील प्रकल्पही तीत उघडत नसत. ध्वनिसंयोजक व रंगसंस्कार करणारे तंत्रज्ञ यांच्याशी असलेला दुवा असा तुटल्याने अनेक संकलकांनी तिला व्यावसायिक मानण्यास नकार दिला, आणि त्यांची तक्रार रास्तच होती. या आवृत्तीतून वगळलेली, अनेक कॅमेऱ्यांचे चित्रण एकत्र जुळविण्याची सोय जानेवारी २०१२ मध्ये परत आली. तोवर बरेच जण ॲव्हिड किंवा ॲडोबी प्रीमियर या अन्य संकलन प्रणालींकडे वळले होते.