टेख
टेख : गणिती, शास्त्रीय व इतर मजकुराची मुद्रणासाठी अक्षरजुळणी करणारी संगणकीय आज्ञावली. अमेरिकन गणिती व संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड अर्विन कनूथ (जन्म १० जानेवारी १९३८) यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७७ पासून पुढे सु. दहा वर्षे खपून ती सिद्ध केली. टाउ, एप्सायलॉन व खाय या तीन ग्रीक अक्षरांचे हे नाव ‘कला’ आणि ‘तंत्र’ असे दोन्ही अर्थ असलेल्या ग्रीक शब्दाच्या आरंभावरून घेतले आहे. म्हणून अखेरचा उच्चार ‘क्स’ असा न करता ‘ख’ असा करतात. आज्ञावलीचा मूळ पाठ कोणासही विनामूल्य वाचता, वापरता व आपल्या कामात घेता येतो. मात्र त्यात फेरफार करणाऱ्याने ‘टेख’ हे नाव वापरू नये, अशी कनूथ यांची अट आहे. टेखचा पुढील सर्व इतिहास या एका अटीभोवती फिरतो.

कनूथ यांच्या द आर्ट ऑफ कंप्यूटर प्रोग्रॅमिंग या ग्रंथाचे पहिले तीन खंड १९६८ ते १९७३ या काळात मोनोटाइप यंत्रावर जुळवलेल्या शिशाच्या खिळ्यांनी छापले गेले. दुसऱ्या खंडाची सुधारित आवृत्ती निघण्याच्या वेळी ही पद्धत मागे पडली होती व तिच्या जागी छायाचित्रण पद्धतीची अक्षरजुळणी आली होती. मार्च १९७७ मध्ये हाती आलेली नव्या पद्धतीची मुद्रिते कनूथ यांना इतकी निकृष्ट वाटली, की असा ग्रंथ काढण्यात त्यांना अर्थ दिसेना. त्याच सुमारास अंकीय यंत्रावर जुळवलेले एका पुस्तकाचे छापील नमुने त्यांच्या पाहण्यात आले. पानावरील प्रत्येक ठिपका जर शून्य किंवा एक असेल, तर तो कोठे पडावा हे ठरविणे हा संगणकशास्त्राचाच प्रश्न होय, हे त्यांनी ओळखले. मे १९७७ मध्ये त्यांनी आराखडा लिहिला. अध्ययन रजेच्या वर्षात काम उरकेल, असा त्यांचा अंदाज होता.

त्या उन्हाळ्यात कनूथ प्रवासात असताना मायकेल प्लास व फ्रँक लियांग या विद्यार्थ्यांनी आराखड्यावरून पहिला नमुना तयार केला. तो करताना त्यांना पदोपदी असे निर्णय घ्यावे लागले, की ज्यांचा आराखड्यात विचारच झालेला नव्हता. परत आल्यावर कनूथ यांनी आज्ञावली स्वतःच लिहावयास घेतली; नव्या रचनेचा कर्ता व तिचा कारागीर पहिल्या आवृत्तीपुरता तरी एकच असावा, हे मत त्यांनी पुढे वारंवार मांडले. जानेवारी १९७८ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीपुढे दिलेल्या गिब्ज व्याख्यानात त्यांनी हा विषय गणितज्ञांपुढे ठेवला. सोसायटीने टेखचा पुरस्कार केला व मायकेल स्पिव्हॅक यांनी तिच्यासाठी गणिती लेखनास सोयीच्या आज्ञांचा संच तयार केला. १९८० मध्ये टेख उपयोजकांची संघटना स्थापन झाली.

टेखमध्ये जुन्या जुळाऱ्याची दृष्टी गणिताच्या भाषेत आली आहे. प्रत्येक अक्षर ही एक चौकट असते. अक्षरांच्या चौकटींचा शब्द, शब्दांची ओळ व ओळींचे पान होते. चौकटींमधील अंतरास कनूथ ‘डिंक’ म्हणतात. प्रत्येक अंतर किती ताणावे व किती दाबावे याच्या मर्यादा ठरलेल्या असतात. इतर आज्ञावल्या एक ओळ भरली की पुढील ओळ घेत. त्यामुळे एका ओळीत शब्दांची दाटी, तर लगतच्या ओळीत मोठी भगदाडे असे दृश्य दिसे. प्लास व कनूथ यांच्या रीतीत (१९८१) संपूर्ण परिच्छेद एकदम विचारात घेतला जातो. ओळी पाडण्याच्या निरनिराळ्या शक्यतांना दोषांक देऊन एकूण दोष किमान असणारी मांडणी निवडली जाते. शेवटच्या ओळीतील अडचण दूर करण्यासाठी पहिल्या ओळीतील तोड बदलू शकते. ओळीच्या अखेरीस इंग्रजी शब्द कोठे तोडावा यासाठी लियांग यांनी प्रबंधात (१९८३) दिलेली रीतही अशीच मार्मिक आहे. जाडा शब्दकोश संगणकात न साठविता केवळ ४,४४७ अक्षरबंधांवरून ती बहुतेक तोडी अचूक शोधते. अपवाद म्हणून अवघे १४ शब्द नोंदवावे लागले. पुढे हीच रीत अनेक भाषांना लागू करण्यात आली.

अक्षरांची वळणे घडविण्यासाठी कनूथ यांनी मेटाफाँट ही दुसरी आज्ञावली लिहिली व तिच्या साहाय्याने ‘कंप्यूटर मॉडर्न’ हा मुद्राक्षरांचा संच तयार केला. जर्मन अक्षररचनाकार हेर्मान त्साफ यांच्या सहकार्याने ‘ऑयलर’ हा गणितासाठीचा संच निघाला. १९८२ मध्ये टेख संपूर्णपणे नव्याने लिहिण्यात आली. या वेळी आज्ञा व त्यांचे माणसासाठी केलेले विवरण एकाच लेखनात गुंफण्यात आले, आणि १९८६ मध्ये पाच खंडांच्या ग्रंथात ते समग्र छापले गेले. आज्ञावली हे वाचावयाचे वाङ्मय आहे, ही कल्पना तोपर्यंत फार थोड्यांनी मनावर घेतली होती.

चुका शोधून देणाऱ्यांस कनूथ बक्षीस देत. ही रक्कम २.५६ डॉलरपासून सुरू होऊन दरवर्षी दुप्पट होत गेली व ३२७.६८ डॉलरवर स्थिर झाली. बक्षिसाचे धनादेश अनेकांनी न वटविता जपून ठेवले, त्यामुळे हा व्यवहार त्यांना फारसा महाग पडला नसावा. १९८९ मध्ये त्यांनी आपल्या आठशेहून अधिक चुकांची यादी वर्गवारीसह प्रसिद्ध केली. स्वतःच्या कामाची इतकी कठोर झडती घेतल्याचे उदाहरण विरळाच.

त्याच वर्षी यूरोपीय उपयोजकांनी एक रास्त तक्रार पुढे आणली. टेखमध्ये एका वेळी १२८ चिन्हेच मजकुरात घेता येत व शब्द तोडण्याचे नियम एकाच भाषेचे असत. कनूथ यांनी ती मान्य केली आणि मार्च १९९० मधील तिसऱ्या आवृत्तीत २५६ चिन्हांची व अनेक भाषांची सोय केली. पण यापुढे नवी सोय नाही, असेही जाहीर केले. तेव्हापासून प्रत्येक दुरुस्तीनंतर आवृत्तीच्या क्रमांकात पाय या गणिती स्थिरांकाचा एक अंक वाढतो. २००८, २०१४ व २०२१ या वर्षी अशा दुरुस्त्या होऊन क्रमांक ३.१४१५९२६५३ झाला. कनूथ यांच्या मृत्यूनंतर तो पाय असाच लिहावा व उरलेल्या चुका हे आज्ञावलीचे गुणधर्म मानावेत, अशी त्यांची इच्छा आहे. या निर्णयाने जुन्या संहितेतून तीच पाने पुन्हा मिळण्याची हमी मिळाली. तथापि इंग्रजीखेरीज इतर लिप्यांना लागणारे बदल कोणी व कोणत्या नावाने करावेत, हा प्रश्न उभा राहिला.

देवनागरीला त्याची झळ विशेष लागली. जोडाक्षरे, मागे लिहावयाची वेलांटी व शिरोरेषेवरील रफार यांची मांडणी टेखच्या आवाक्याबाहेरची होती. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठाचे फ्रान्स व्हेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये यावर तोडगा काढला. मजकूर रोमन अक्षरांत लिहावयाचा, एका स्वतंत्र आज्ञावलीने तो आधी वाचून अक्षरांचा क्रम लावावयाचा व मग टेखकडे द्यावयाचा, अशी ही योजना होती. तिच्यासाठी मेटाफाँटमध्ये घडविलेल्या देवनागरी संचात अ, झ, ण इत्यादींची मुंबई व कलकत्ता अशी दोन्ही वळणे मिळतात. मुंबई वळणाची सवय असलेल्या मराठी वाचकास ही निवड मोलाची आहे. अन्शुमन पांडे व झ्देनेक वाग्नर यांनी हे काम पुढे सांभाळले. यूनिकोड लिपिसंकेत व आधुनिक मुद्राक्षरे थेट वापरणारी झीटेख ही आज्ञावली जोनाथन क्यू यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केल्यावर रोमन लिप्यंतराची गरज उरली नाही. मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठी शब्द तोडण्याचे नियम संतोष तोट्टिंगल यांनी पुरविले. केरळातील तिरुवनंतपुरम येथे २००२ मध्ये उपयोजकांची आंतरराष्ट्रीय परिषदही भरली.

नाव बदला व पुढे जा, या मार्गाने टेखचा वंश वाढला. हान थे थान्ह यांनी चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथे पीडीएफटेख तयार केली. हान्स हागेन, टाको हूकवाटर व हार्टमुट हेंकेल यांनी ल्यूआटेख रचली. सर्वच प्रयत्न फळले नाहीत. १९९२ मध्ये जर्मन उपयोजकांनी आरंभिलेली संपूर्ण नव्या अक्षरजुळणी प्रणालीची महत्त्वाकांक्षी योजना प्रत्यक्ष वापरात कधीच आली नाही; तिच्यासाठी तात्पुरती म्हणून केलेली ई-टेख (१९९६) मात्र टिकली.

सामान्य लेखकाचा संबंध येतो तो लाटेखशी. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी टेखवर रचलेल्या या आज्ञासंचात लेखक ‘प्रकरण’, ‘सूत्र’, ‘तळटीप’ एवढेच सांगतो व रूप आपोआप ठरते. त्यांचे मार्गदर्शक पुस्तक १९८६ मध्ये निघाले. १९८९ मध्ये त्यांनी जबाबदारी फ्रँक मिटेलबाख व सहकाऱ्यांकडे सोपविली आणि परस्परांशी न जुळणारे पाठभेद एकत्र आणणारी आवृत्ती १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. पुन्हा असे पाठभेद माजू नयेत म्हणून बदललेल्या संचिकेचे नाव बदलण्याची अट परवान्यात होती. डेबियन या मुक्त संगणकप्रणालीच्या कार्यकर्त्यांनी, सक्तीचे नामांतर हे स्वातंत्र्यावरील बंधन आहे, असा आक्षेप घेतला. दीर्घ चर्चेनंतर २००३ मध्ये तडजोड झाली : बदललेली संचिका स्वतःला बदललेली म्हणून स्पष्ट ओळख देत असेल, तर जुने नाव चालेल.

या आज्ञावल्या जिवंत ठेवण्याचे श्रम बहुतांशी विनावेतन झाले आहेत. बार्बरा बीटन यांनी संघटनेचे नियतकालिक अनेक दशके संपादिले. सेबास्टियन राट्झ (मृत्यू २०१६) यांनी टेख लाइव्ह हा एकत्रित संग्रह १९९६ मध्ये सुरू केला व पुढे कार्ल बेरी यांनी त्याची धुरा वाहिली. ई-टेखचे पेटर ब्राइटेनलोनर हे पेशाने भौतिकीविज्ञ होते. कनूथ यांचे नाव जगभर झाले. ही नावे मात्र आज्ञावलीच्या आरंभी असलेल्या टिपा उघडून पाहणाऱ्यासच भेटतात.